रोज एक लाख कोटी प्रती

हा लेख तुमच्यासमोर आहे. त्यातली अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या सगळं सुटं सुटं मोजलं, तर आकडा दहा हजारांच्या आसपास जाईल. हेपॅटायटिस-सी या विषाणूचा संपूर्ण आरएनए-मजकूर साधारण ९,६०० अक्षरांचा आहे. यकृताच्या पेशीत शिरायचं कसं, तिचा कारखाना ताब्यात घ्यायचा कसा, स्वतःच्या प्रती काढून बाहेर पडायचं कसं, ही त्याची सगळी विद्या एका लेखात मावते. माणसाचा मजकूर तीनशे कोटी अक्षरांचा, म्हणजे त्याच्या तीन लाख पट. तरीही आज जगात सुमारे पाच कोटी माणसांच्या शरीरात हा चिमुकला मजकूर मुक्काम ठोकून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात त्यानं सुमारे २ लाख ४२ हजार जीव घेतले.

या विषाणूवर आज बारा आठवड्यांत पूर्ण बरं करणारी गोळी आहे. ती कशी घडली हे समजून घेताना मी रसायनशास्त्र वाचायला बसलो आणि पुन्हा पुन्हा शाळेतल्या गणिताशी येऊन थांबलो. आरएनए-विषाणूचं सगळं बळ एका गुणाकारात आहे आणि त्याला हरवणारं औषधही गुणाकारानंच जिंकतं.

टाकीचा हिशेब

रुग्णाच्या रक्तात या विषाणूंची संख्या महिनोन्‌महिने जवळपास तेवढीच दिसते. पातळी स्थिर म्हणजे आत सगळं शांत, असं वाटणं साहजिक आहे. पण सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. खाली सगळ्या घरांचे नळ धो धो वाहत असतील आणि पंप तितकंच पाणी वर चढवत असेल, तरीही टाकीतली पातळी हलणार नाही. आत किती उलाढाल चालू आहे हे कळण्याचा एकच मार्ग. पंप बंद करा आणि घड्याळ लावून पातळी किती वेगानं उतरते ते पाहा.

अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेतले अ‍ॅलन पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. रुग्णांना इंटरफेरॉन हे औषध दिलं, म्हणजे पंप बंद केला, आणि थोड्या थोड्या वेळानं रक्त तपासलं. १९९८ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा निष्कर्ष आला. रक्तातले निम्मे विषाणू सुमारे तीन तासांत नाहीसे होतात. तरी पातळी टिकते, याचा अर्थ त्यांची जागा घ्यायला सतत नवे येत असतात. किती? एका रुग्णाच्या शरीरात, एका दिवसात, सरासरी एक लाख कोटी.

एकावर बारा शून्यं. हा आकडा आपण फक्त अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ऐकतो. त्याची फोड केली तर दर सेकंदाला १ कोटी १५ लाखांहून जास्त नवे विषाणू होतात. एकेका विषाणूचा व्यास साधारण ५० नॅनोमीटर. एका रुग्णाची एका दिवसाची पैदास एकापुढे एक ठेवली, तर रांग ५० किलोमीटरची होईल. ती मुंबईच्या सीएसएमटीवरून निघून जवळजवळ कल्याणला पोचेल. आणि हीच रांग गोळा करून तराजूत टाकली, तर वजन भरेल मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं. बारीक मिठाचे एक-दोन कण!

मुद्रितशोधक नसलेला छापखाना

पूर्वीच्या छापखान्यात जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. मग कच्चं प्रूफ निघायचं, ते मुद्रितशोधकाकडे जायचं आणि त्याच्या लाल खुणांनुसार चुकलेले खिळे बदलले जायचे. आपल्या पेशीत डीएनएची प्रत निघते तेव्हा अशीच व्यवस्था असते. जुळारी असतो, मुद्रितशोधक असतो, वर दुरुस्ती खातंही असतं. इतक्या तपासण्या झाल्यावर चूक उरते ती शंभर कोटी अक्षरांत एखादी.

हेपॅटायटिस-सीच्या छापखान्यात फक्त जुळारी आहे. त्याचं नाव पॉलिमरेज. मुद्रितशोधकाची जागाच नाही. एकदा बसवलेला खिळा बसला तो बसला. परिणामी लाखभर अक्षरांमागे एक चूक होते. काही मोजण्यांत हा दर यापेक्षाही जास्त निघाला आहे, पण हिशेबाला लाख सोपा म्हणून तोच धरू. ९,६०० अक्षरांचा मजकूर आणि लाखात एक चूक, म्हणजे दर दहा-अकरा प्रतींमागे एक प्रत सदोष. ऐकायला फार वाटत नाही. पण प्रती रोज एक लाख कोटी निघतात. सदोष प्रती होतात रोज नऊ हजार कोटींहून अधिक.

यातल्या बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. पण आपल्याला काळजी त्या एखाद्या चुकीची, जिच्यामुळे औषध लागू पडेनासं होतं. अमुक जागचं अमुक अक्षर बदलून नेमकं तमुक होण्याची शक्यता काढू. त्या जागी चूक होणं लाखात एक आणि चारांतल्या उरलेल्या तीन अक्षरांपैकी हवं तेच येणं तिनात एक. म्हणून तीन लाखांत एक. आता एक लाख कोटीला तीन लाखांनी भागा.

ठरावीक एक चूक असलेली प्रत: रोज ३३ लाख वेळा. दर सेकंदाला ३८.

ठरावीक दोन चुका एकाच प्रतीत: रोज ११ वेळा.

ठरावीक तीन चुका एकाच प्रतीत: सुमारे ७४ वर्षांत एकदा.

ठरावीक चार चुका एकाच प्रतीत: सुमारे सव्वादोन कोटी वर्षांत एकदा.

हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात बरेचसे विषाणू निकामी निघतात आणि सगळ्या चुका सारख्याच सहज होतात असंही नाही. पण उतरंड अशीच आहे, आणि ती पहिल्यांदा मांडून पाहिली तेव्हा मी बराच वेळ त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीकडे बघत बसलो. रोज अकरा वेळा आणि एका आयुष्यात एकदा, यांच्यात अंतर आहे फक्त एका अक्षराचं.

पहिल्या ओळीचा अर्थ तर फार कठोर आहे. एका चुकीनं हरणारं औषध असेल, तर त्याला हरवणारा विषाणू औषध घेतल्यावर घडत नाही. गोळी अजून खोक्यातच असते तेव्हा तो यकृतात लाखांच्या संख्येनं हजर असतो.

जिना चढणं आणि उडी मारणं

यावर कुणालाही सुचेल की एक औषध हरलं तर दुसरं देऊ, ते हरलं तर तिसरं. एचआयव्ही या दुसऱ्या आरएनए-विषाणूच्या बाबतीत सुरुवातीला तसंच झालं. मार्च १९८७ मध्ये एझेडटी हे पहिलं औषध मंजूर झालं, १९९१ मध्ये डीडीआय, १९९५ मध्ये लॅमिव्ह्युडीन. जसजशी औषधं हाती येत गेली, तसतशी ती दिली गेली. प्रत्येक वेळी काही काळ आशा आणि मग पुन्हा तीच घसरण. लॅमिव्ह्युडीन एकटं दिलं तर एचआयव्हीला फक्त एक बदल पुरतो. त्याच्या एका एन्झाइमच्या १८४व्या जागी मिथिओनिनऐवजी व्हॅलिन आलं की काम झालं. हा बदल काही आठवड्यांतच रक्तात दिसू लागतो.

असं का व्हावं, हे हेपॅटायटिस-सीच्या वरच्या उतरंडीवरून समजतं. तीन चुका एकाच उडीत व्हायला आयुष्य जातं. पण पहिल्या औषधासमोर एक चूक केलेला विषाणू तगला, तर थोड्याच दिवसांत सगळी टाकी त्याच्याच संततीनं भरते. आता त्या लाख कोटींमध्ये दुसरी चूक रोज ३३ लाख वेळा. दुसरं औषध हरलं की तिसरी चूकही तशीच. एकामागून एक औषध देणं म्हणजे उंच भिंतीचा आपल्याच हातानं जिना करून देणं.

१९९६ साली व्हँकुव्हरच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत तीन औषधं एकदम देण्याचे निकाल मांडले गेले. जिना काढून घेतला, भिंत उभी केली. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, अमेरिकेतले एड्सचे मृत्यू आदल्या वर्षाच्या तुलनेत ४७ टक्क्यांनी घटले.

एकत्र औषधांचा दुसराही फायदा आहे. त्यांनी मुळात प्रतींची संख्याच आटते. हेपॅटायटिस-सीवरच्या डॅक्लाटासव्हिर या एकट्या औषधाचा १०० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला, तेव्हा २४ तासांत रक्तातले विषाणू सरासरी दोन हजार पटींनी कमी झाले. लाख कोटींच्या जागी पन्नास कोटी प्रती धरा आणि भागाकार पुन्हा करा. ठरावीक दोन चुकांची जी प्रत रोज अकरा वेळा निघत होती, ती आता सहा महिन्यांत एकदा निघेल.

“एकही गोळी चुकवू नका,” असं डॉक्टर बजावतात, त्यामागे हा हिशेब उभा आहे. चुकलेल्या चार दिवसांत पंप पुन्हा सुरू होतो. त्यातून प्रत्येक औषध शरीरातून वेगवेगळ्या वेगानं उतरतं. एक उतरलेलं आणि एक थोडं उरलेलं, अशी वेळ आली की भिंतीला जिन्याची पहिली पायरी फुटते.

खोटा खिळा

डिसेंबर २०१३ मध्ये सोफोसबुव्हिर मंजूर झालं. फार्मासेट या कंपनीत मायकल सोफिया यांच्या गटानं ते घडवलं आणि त्यांच्याच नावावरून त्याचं नाव पडलं. हे औषध कसं काम करतं ते अगदी जवळून पाहण्यासारखं आहे.

आरएनएची अक्षरं चार: ए, यू, जी आणि सी. जुळारी मूळ मजकूर वाचत एकेक खिळा उचलतो आणि आधीच्या खिळ्याला जोडतो. सोफोसबुव्हिर पेशीत गेल्यावर ‘यू’चा खोटा खिळा बनतं. दिसायला हुबेहूब ‘यू’. फक्त त्याच्या साखरेच्या एका कार्बनवर, खऱ्या खिळ्यात जे असतं त्याऐवजी, एक फ्लोरिन आणि एक मिथाइल गट बसवलेला. जुळारी फसतो, तो उचलून लावतो. पण त्या मिथाइलच्या अडसरामुळे पुढचा खिळा जोडता येत नाही. ओळ तिथेच तुटते, प्रत अर्धवट राहते.

आता विषाणूचाच गुणाकार त्याच्यावर कसा उलटतो ते पाहा. ९,६०० अक्षरांत ‘यू’ येतं सुमारे दोन हजार वेळा. समजा दर ‘यू’ला जुळारी शंभरात नव्याण्णव वेळा खरा खिळा उचलतो आणि फक्त एकदा फसतो. नव्याण्णव टक्के म्हणजे उत्तम कामगिरी. पण पूर्ण प्रत हवी तर सलग दोन हजार वेळा न फसता पुढे जायला हवं. ०.९९ला स्वतःशीच दोन हजार वेळा गुणा. उत्तर येतं सुमारे पन्नास कोटींत एक.

मग विषाणूनं खोटा खिळा ओळखायला शिकू नये का? शिकतो. जुळाऱ्याच्या २८२व्या जागी सेरिनऐवजी थ्रिओनिन आलं की खोटा खिळा पकडला जातो. पण ती जागा त्याच्या हाताच्या पकडीतलीच. ती बदलली की खरे खिळेही नीट उचलता येत नाहीत आणि तो विषाणू लंगडा होतो, शर्यतीत मागे पडतो. औषध घडवणाऱ्याचं खरं कौशल्य इथे आहे. विषाणूच्या देहात अशी जागा शोधायची, की सुटकेची किंमत त्याला परवडू नये.

आणखी एक अडचण होती. खोटा खिळा कामाला लागण्यासाठी त्याला फॉस्फेटचे गट जोडलेले हवेत आणि पहिलाच गट जोडायला पेशी फार वेळ घेते. तो आधीच जोडून द्यावा, तर त्याच्या विद्युतभारामुळे रेणू पेशीच्या आवरणातून आत शिरत नाही. म्हणून त्या गटावर रासायनिक बुरखा चढवला. यकृताच्या पेशीतले एन्झाइम तो बुरखा काढतात आणि रेणू आतच अडकतो, म्हणजे नेमका जिथे हवा तिथेच.

एका गोळीत ४०० मिलिग्रॅम औषध असतं. रेणू मोजले तर साडेचारवर वीस शून्यं. दिवसाच्या लाख कोटी विषाणूंमध्ये वाटले, तर एकेका विषाणूमागे ४५ कोटी रेणू येतात. बारा आठवड्यांच्या ८४ गोळ्यांतलं औषध एकत्र केलं तर ३३.६ ग्रॅम भरतं, चहाच्या आठ चमचे साखरेएवढं.

चुका वाढवूनही मारता येतं

या छापखान्याचा आणखी एक कच्चा दुवा आहे. चुकांचा दर विषाणूला फायद्याचा खरा, पण तो कड्याच्या टोकावर उभा आहे. आणखी थोड्या चुका झाल्या तर मजकूर वाचण्यापलीकडे जातो. हा विचार मॅनफ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्ये मांडला होता. २००१ मध्ये पोलिओच्या विषाणूवर रिबाव्हिरिन हे औषध वापरून तो प्रयोगात दिसला. चुका ९.७ पट वाढल्या आणि संसर्ग करण्याची क्षमता एकाच फेरीत ९९.३ टक्क्यांनी गेली.

करोनाविषाणूचा मजकूर मात्र जवळजवळ ३०,००० अक्षरांचा, आणि इतका लांब मजकूर सांभाळायला त्यानं आपला मुद्रितशोधक बाळगला आहे. खोटे खिळे तो काढून टाकू शकतो. म्हणून तिथे निर्मात्रेल्व्हिरसारखं औषध जुळाऱ्याला सोडून विषाणूची कात्री धरतं. विषाणूची लांबलचक प्रथिनं कापून कामाची करणारं एन्झाइम ते बंद पाडतं.

एकावर साठ शून्यं

हे रेणू सापडले कसे? औषध होऊ शकतील अशा आकाराचे किती वेगवेगळे रेणू शक्य आहेत, याचा प्रचलित अंदाज आहे एकावर साठ शून्यं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. त्याच्या पहिल्या क्षणापासून दर सेकंदाला कोटी कोटी कोटी रेणू तपासत आलो असतो, तरी आजवर एकावर अडतीस शून्यांच्या आसपासच पोचलो असतो.

म्हणून माणसांनी वाटा शोधल्या. डॅक्लाटासव्हिरची वाट निघाली ती दहा लाखांहून अधिक संयुगं पेशींवर तपासून. सोफोसबुव्हिरची वाट निघाली निसर्गाच्याच खिळ्यापासून, एकेक अणू बदलत. पण दोन्हींच्या आधी हवा होता विषाणू. १९८९ मध्ये तो ओळखला गेला, तरी पुढची दहा वर्षं तो प्रयोगशाळेतल्या पेशींत धड वाढेना. १९९९ मध्ये जर्मनीत राल्फ बार्टेनश्लागर आणि फोल्कर लोमान यांनी त्याचा काटछाट केलेला मजकूर पेशींत आपणहून वाढता केला, तेव्हा कुठे औषधं तपासायची सोय झाली.

मग सोफोसबुव्हिर आणि व्हेलपाटासव्हिर ही जोडी एका गोळीत आली. बारा आठवड्यांच्या एका मोठ्या चाचणीत ६२४ जणांना ती दिली. ६१८ जण बरे झाले. इंटरफेरॉनच्या काळात ४८ आठवडे इंजेक्शनं आणि ताप-अंगदुखी सोसून निम्मेच लोक बरे व्हायचे.

गोळीची किंमत

अमेरिकेत सोफोसबुव्हिरची एक गोळी १,००० डॉलरला होती. ८४ गोळ्या, ८४,००० डॉलर. पन्नास कोटींत जेमतेम एक प्रत वाचू देणारं औषध आणि ते ज्याला हवं त्याच्या हाती नाही, तर सगळं गणित वाया.

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे, कारण त्याचं एक उत्तर मुंबईतून निघालं होतं. एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च १०,००० ते १५,००० डॉलर होता, तेव्हा फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी ती तिन्ही औषधं ‘मेदसाँ साँ फ्रॉन्तिए’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. आज जगात तीन कोटींहून अधिक लोक एचआयव्हीची औषधं घेत आहेत. हेपॅटायटिस-सीचंही तसंच घडत गेलं. भारतीय कंपन्यांनी जेनेरिक औषधं काढली, २८ जुलै २०१८ रोजी आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन उपचार मोफत झाले, आणि जेनेरिक औषधांचा बारा आठवड्यांचा कोर्स आता जगात ६० डॉलरपर्यंत खाली आला आहे. दिवसाला एक डॉलरही नाही.

शून्यानं गुणल्यावर

आता शेवटचा आकडा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. या विषाणूसह जगणाऱ्या शंभरांतल्या जेमतेम ३६ जणांना २०२२ अखेर आपल्याला तो आहे हे माहीत होतं. चौसष्ट जणांना माहीतच नव्हतं. वीस-तीस वर्षं तो काही दुखू न देता यकृत पोखरत राहतो आणि कळतं तेव्हा सिरॉसिस किंवा कर्करोग झालेला असतो.

गुणाकारात एक शून्य आलं की बाकीचे आकडे कितीही मोठे असोत, उत्तर शून्यच. पंचेचाळीस कोटी रेणू, ९९ टक्के यश, मोफत गोळ्या या सगळ्यांना तपासणी न झालेल्या माणसापाशी शून्यानं गुणलं जातं. इजिप्तनं हे ओळखलं. ऑक्टोबर २०१८ पासून सात महिन्यांत त्यांनी ४ कोटी ९६ लाख लोकांची तपासणी केली. त्यांत सुमारे २२ लाख लोकांच्या रक्तात विषाणूच्या संसर्गाची खूण सापडली.

आपल्याकडे दात्याच्या रक्ताची हेपॅटायटिस-सीसाठी तपासणी या शतकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली. त्याआधी रक्त घेतलेलं असेल, डायलिसिस चालू असेल, कधी न उकळलेल्या सुईनं इंजेक्शन घेतल्याची शंका असेल, तर एकदा तपासून घ्या. घरातल्या मोठ्यांना घेऊन जा. पहिल्या चाचणीला बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब पुरतो. विषाणू असेल, तर त्याला हरवण्याचं गणित माणसांनी आधीच सोडवून ठेवलं आहे. त्यात फक्त तुमचा तो एक थेंब हवा.